कौशल्याचा सत्कार

भाताची कापणी उरकली की आमच्या वराळ्याच्या आसपास टेनिस बॉलच्या क्रिकेट स्पर्धा सुरू होतात. बिल्डरनं घेऊन ठेवलेली पण अजून खोदायला न घेतलेली एखादी जागा बघायची, रोलर फिरवायचा, चुन्याची रेघ मारायची आणि एका कडेला मंडप घालायचा. मंडपात एक टेबल आणि दोन खुर्च्या. एक गुण लिहिणाऱ्याची, दुसरी माईकवाल्याची. ती दुसरी खुर्ची बरीच वर्षं माझी होती. आठवडाभर मी एमआयडीसीतल्या कारखान्यात तपासणी विभागात असतो. यंत्रातून निघालेला भाग मापायचा, मापात नसेल तर लाल पेटीत टाकायचा. रविवारी मात्र मी समालोचक. कारखान्यात मला कोणी ओळखत नव्हतं, पण कामशेतपासून देहूरोडपर्यंत लोक माझा आवाज ओळखत होते.

आमच्याकडे माईकवाल्यानं नुसता खेळ सांगून भागत नाही. सामना चालू असताना लोक मंडपाशी येऊन चिठ्ठ्या देतात. पुढच्या षटकाराला अमक्यांकडून बक्षीस, हॅटट्रिकला तमक्यांकडून बक्षीस. मी नाव वाचतो, गावाचं नाव जोडतो, नात्यातला असेल तर थोडी चेष्टा करतो. नाव माईकवर आलं म्हणजे चारचौघांनी दखल घेतली. त्या एका वाक्यासाठी माणसं खिशात हात घालतात, आणि वाक्य ऐकताना खाली मान घालून हसतात. हे मी इतक्या वेळा जवळून पाहिलंय की माईकवरच्या शब्दाचं वजन मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

एका वर्षी स्पर्धेला मोठा प्रायोजक मिळाला. फोनवर संघ निवडून पैसे लावायचं एक ॲप होतं. त्यांनी मंडपाचं कापड दिलं, सगळ्या संघांना टी-शर्ट दिले, कमरेएवढा चषक दिला. त्यांचा माणूस पुण्याहून आला होता. स्वच्छ दाढी, पांढरे बूट, बोलायला गोड. त्यानं मला बाजूला घेऊन जाहिरातीचा कागद दिला.

"सर, एक रिक्वेस्ट. जुगार हा शब्द चुकूनही नको. सट्टा तर नकोच नको. 'कौशल्याचा खेळ' म्हणायचं. कोर्टात आम्ही ह्याच शब्दावर उभे आहोत."

"आणि खाली हे बारीक काय लिहिलंय?"

"ती वॉर्निंग. वाचावी लागते, नियम आहे. पण सर, तुम्ही प्रोफेशनल आहात, लवकर उरकाल."

या खेळात आर्थिक जोखीम आहे आणि याची सवय लागू शकते, जबाबदारीने व स्वतःच्या जोखमीवर खेळा. एवढंच होतं ते. मी ते एका श्वासात म्हणून टाकलं. शब्दांना शब्द चिकटवून, शेवटचा 'खेळा' मात्र लांबवून. मैदानात हशा पिकला. दुसऱ्या षटकानंतर पोरं ओरडायला लागली, "काका, ते पटापटा म्हणा ना!" मग प्रत्येक षटकानंतर मी ते म्हणू लागलो, आणि दर वेळी आधीच्यापेक्षा जलद. गुण लिहिणारा घड्याळ लावायचा. प्रायोजकाचा माणूस पोट धरून हसायचा आणि शूटिंग करायचा. त्या हंगामात मला हळदी-लग्नांतसुद्धा लोक ते म्हणायला लावत. ज्यांनी कोणी विचार करून तो नियम केला असेल, त्यांनी त्या ओळी लोकांच्या कानात जाव्यात म्हणून केला असणार. मी त्या ओळींची करमणूक केली, आणि वर मला वाटत राहिलं की नियम तर पाळतोय.

आता दाजींबद्दल सांगायला हवं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोणावळ्याला वलवणच्या अंगाला, धरणाकडं जाणाऱ्या रस्त्यावर, मुंबईच्या एका मालकाचा बंगला आहे. स्विमिंग पूल, हिरवळ, शनिवार-रविवार भाड्यानं देतात. दाजी तिथले केअरटेकर होते. बंगल्याच्या मागं एक खोली आणि ओटा, त्यात ताईचा संसार; लेक लग्न होऊन सासरी. येणाऱ्या पाहुण्यांचं सामान उचलायचं, पूलचं पाणी बघायचं, ताईनं केलेली पिठलं-भाकरी आणि कोंबडीचा रस्सा टेबलावर नेऊन ठेवायचा. मुंबईची पोरं त्यांना 'अंकल' म्हणायची आणि गाणी मोठ्यानं लावायची. दाजी सगळ्याला 'व्हय साहेब' म्हणत. साधा, लाजरा माणूस. आमच्या घरच्या कार्यातसुद्धा पंगतीच्या टोकाला बसणार. क्रिकेटचं मात्र वेड. कोणाला कधी सांगायचे नाहीत, पण कामं आटोपली की ओट्यावर बसून फोनवर सामना बघायचे.

ते ॲप त्यांनी माझ्यामुळंच घेतलं. उपांत्य सामन्याला मी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं, मंडपात माझ्या मागं खुर्ची दिली होती. परत जाताना प्रायोजकाच्या पोरांनी त्यांच्या फोनवर ते बसवून दिलं. टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यातल्या दोन्ही संघांतले मिळून अकरा खेळाडू निवडायचे, एकाला कॅप्टन करायचं, कॅप्टनचे गुण दुप्पट. थोडी फी भरायची. ज्याची निवड सरस, त्याला बक्षीस.

पुढच्याच आठवड्यात संध्याकाळी त्यांचा फोन. आवाज ओळखू येईना.

"पाव्हणं, लागलं की वो!"

"काय लागलं?"

"ते तुमचं ॲप. लय वरचा नंबर आलाय माजा. तुमच्या ताईला सांगितलं तर ती म्हणतीया खोटं आसंल."

मी विचारलं, कॅप्टन कोणाला केलं होतं? त्यांनी नाव सांगितलं. अगदी शेवटी बॅटिंगला येणारा एक गोलंदाज, ज्याच्याकडून कोणी धावांची अपेक्षा केली नसती, त्यानं त्या दिवशी धुमाकूळ घातला होता.

"दाजी, ह्याला कसं काय केलंत?"

ते हसायला लागले. "आवो, कुटं केलं! फोनची बॅटरी संपत आलती, गेस्ट हाका मारतंय टॉवेल द्या म्हून. घाईघाईनं दाबलं ते ह्याच्यावर पडलं. बदलायला गेलो तवर फोन बंद!"

आम्ही दोघंही खूप हसलो. ते हसणं मला आजही ऐकू येतं. कारण त्या दिवशी आम्हा दोघांनाही खरं काय ते माहीत होतं.

मी आयोजकांना सांगितलं, आयोजकांनी प्रायोजकाच्या माणसाला. तो खुर्चीतून उठलाच. "सर, लोकल विनर! अंतिम सामन्याला ह्यांना स्टेजवर घेऊ." मग जे आमच्याकडं कुठल्याही चांगल्या गोष्टीला करतात ते ठरलं. सत्कार. दहावीत पहिला आला, सत्कार. पोलीस भरती झाला, सत्कार. बैलगाड्याच्या शर्यतीत फळी फोडली, सत्कार. फोनवर पैसे लावून जिंकला, तोही सत्कार. आमच्यातल्या कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. सरपंच, आयोजक, माझा जुना मास्तर, कोणालाच नाही. फेटा कोणी आणायचा यावरून मात्र थोडा वाद झाला.

अंतिम सामन्याला ताई नवी साडी नेसून आली होती. दाजींना इस्त्रीचा शर्ट, वर भगवा फेटा. सरपंचांनी शाल घातली, हातात श्रीफळ दिलं. मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. आणि मी माईक हातात घेऊन बोललो. काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "मंडळी, ह्याला नशीब म्हणू नका. हा आहे सखोल अभ्यास! अख्ख्या देशानं ज्याच्याकडं पाठ फिरवली, तो खेळाडू ज्यांनी हेरला, ती पारखी नजर आपल्या वलवणची आहे! कायद्यानंसुद्धा ह्याला कौशल्याचा खेळ म्हटलंय, आणि ते कौशल्य आज तुमच्यासमोर फेटा बांधून उभं आहे!"

टाळ्या थांबेनात. दाजींनी माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यात आधी थोडा गोंधळ होता, जणू विचारत होते, असं म्हणायचंय होय? मी डोळ्यांनीच 'असू द्या' म्हटलं. मग ते हसले आणि मान ताठ झाली. माईक त्यांच्यापुढं धरला तर म्हणाले, "मला काय बोलता येत न्हाई. जय महाराष्ट्र." लोकांनी परत टाळ्या वाजवल्या. ताई पदरानं डोळे पुसत होती.

त्यानंतर वलवणमध्ये, बाजारात, स्टेशनवर, पोरं त्यांना 'कॅप्टन' म्हणू लागली. सामन्याच्या दिवशी फोन यायचे. "कॅप्टन, आज कोणाला घेऊ?" रिक्षावाले थांबवून विचारायचे. ज्या माणसाला आयुष्यभर कोणी सल्ला विचारला नाही, तो आता सल्ला द्यायचा. आणि सल्ला द्यायचा तर स्वतः खेळायला नको? ते रोज खेळू लागले. एकदा मी गेलो तेव्हा पूलच्या काठावर बसून एका वहीत खेळाडूंचे आकडे लिहीत होते. मी विचारलं, "कसं चाललंय?"

"लागतंय, कधीमधी. खेळपट्टी बघावी लागती, पाव्हणं. उगं न्हाई जमत."

मला तेव्हाच म्हणता आलं असतं की दाजी, तुमचं बोट घसरलं होतं. नाही म्हणालो. खरं सांगायचं तर मला ते आवडलं होतं. माझ्या एका भाषणानं माणूस असा उभा राहिला, याचा मला अभिमान वाटत होता. मी म्हणालो, "तुम्हाला क्रिकेट कळतं, दाजी." आणि चहा पिऊन परत आलो.

लोणावळ्याच्या बंगल्यांत पाहुणे आले की आधी अनामत घेतात. काही फुटलं, गादी जळली, तर त्यातून कापायची, नाहीतर निघताना परत. ती दाजींच्या फोनवर जमा व्हायची. पाहुणे शनिवारी आले की रविवारी दुपारपर्यंत ते पैसे त्यांच्याकडं पडून असायचे. शनिवारी सामना असायचाच. किती आठवडे ते चाललं मला माहीत नाही. रविवारपर्यंत कुठून ना कुठून भरून काढत होते. मग एका रविवारी मोठा ग्रुप निघाला, अनामत मागितली, आणि दाजी नुसते उभे राहिले. पाहुण्यांनी मालकांना फोन लावला.

ताईचा मला फोन आला तो एका शब्दाचा. "ये."

मी पोचलो तेव्हा मालक मुंबईहून येऊन व्हरांड्यात बसले होते. ते ओरडत नव्हते, त्यानंच जास्त अवघडलं. म्हणाले, "मी पोलिसात जाणार नाही. इतकी वर्षं तुम्ही घरच्यासारखे राहिलात. पण चाव्या द्या." दाजींनी कमरेचा जुडगा सोडला. एकेक चावी कुठली ते सांगायला लागले. ही मीटरची, ही पंपाची, ही वरच्या बाथरूमची, जरा उचलून फिरवावी लागती. मालक दुसरीकडं बघत होते.

मागच्या खोलीत ताई भांडी बांधत होती. गाठोड्याला तिनं सत्काराची शाल घेतली होती. मी वाकून गाठ मारायला गेलो तर म्हणाली, "राहू दे. तू लय बांधलंस आमाला."

"ताई, मला काय माहीत होतं..."

"तुला न्हवतं माहीत? ते मला हसत हसत सांगत होते की चुकून बोट पडलं. मग तू उठलास आन् म्हणलास अभ्यास केला. त्या दिवसापास्नं घरात चुकून हा शब्दच न्हाई. अभ्यासच. मी काय बोलाय गेलं की म्हणायचे, तुज्या भावाला जास्त कळतंय का तुला?"

सत्काराच्या दिवशी टाळ्या तिनंही वाजवल्या होत्या, असं मनात आलं. मनात आलं याचीच लाज वाटली.

ते दोघं बेगडेवाडीला एका चाळीत भाड्याच्या खोलीत आले. ताई चिक्कीच्या एका कारखान्यात पॅकिंगला जाऊ लागली. दाजींना मी वराळ्याच्या एका नव्या सोसायटीत गेटवर नोकरी लावून दिली. दोघंही माझ्याशी बोलत होते, पण हातचं राखून.

तुम्हाला वाटेल की त्यानंतर मी माईक सोडला असेल. नाही सोडला. पुढच्या हंगामात तेच ॲप, तोच मंडप, तीच खुर्ची. स्वतःला सांगितलं की मी सोडला तर दुसरा कोणी येईल, त्यापेक्षा मी असलो तर निदान नीट वाचीन. आणि पहिल्याच रविवारी मी तो इशारा नीट वाचला. एकेक शब्द सुटा करून, सावकाश. आर्थिक. जोखीम. आहे. मैदान क्षणभर शांत झालं, मग हशा उसळला. लोकांना वाटलं नवीन नक्कल आहे. मागून कोणीतरी ओरडलं, "काका, बॅटरी उतरली काय?" दुसरा म्हणाला, "चार्जिंगला लावा रं कोणीतरी काकाला!" पोरं माझ्यासारखं सावकाश बोलून एकमेकांच्या पाठीत धपाटे घालू लागली. आयोजकांनी कानाशी येऊन सांगितलं, "जरा उचला हो, सामना झोपलाय." मी उचललं. पुढच्या षटकाला पुन्हा एका श्वासात. टाळ्या. त्या टाळ्या मला गोड लागल्या. हे लिहिताना हात अडतो, पण लागल्या.

मग एका पावसाळ्यात तो कायदा आला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद. कौशल्याचा असो की नशिबाचा, भेदच ठेवला नाही. बातमी कारखान्याच्या कँटीनमध्ये फोनवर फिरत होती. पलीकडच्या टेबलावरून एक जण म्हणाला, "आता तुमच्या त्या एका श्वासाचं काय हो?"

दुसरा म्हणाला, "सरकारनं श्वासच बंद केला."

"टी-शर्ट तरी ठेवू देतील ना?"

मीही हसलो. पण मला खरोखर सुटल्यासारखं झालं होतं. वाटलं, जे मला बोलता आलं नाही ते सरकारनं बोलून टाकलं. आता कोणाचं बोट घसरायला जागाच नाही. संध्याकाळी पेढे घेऊन बेगडेवाडीला गेलो. दाजींची सुट्टी होती, खाटेवर बसले होते.

"दाजी, बातमी ऐकली का? संपलं ते."

"ऐकली," ते म्हणाले. "त्यांनी मेसेज पाठवलाय, शिल्लक काढून घ्या म्हून. शिल्लक कुटली आलीया!"

ताई चुलीपाशी पाठमोरी होती. वळलीच नाही. म्हणाली, "पेढे कशाला आणलंस? तुझं बंद झालं. ह्यांचं न्हाई."

दाजींनी जरा ओशाळून फोन माझ्याकडं केला. गेटवर येणाऱ्या एका डिलिव्हरीच्या पोरानं त्यांना एक लिंक दिली होती. कुठल्या तरी बाहेरच्या देशातली साइट. तिथं अकरा जण निवडायची कटकटही नव्हती. पुढच्या चेंडूवर काय होईल त्यावर पैसे लावायचे, चेंडू पडला की निकाल. मी वरून खालपर्यंत बघितलं. जी ओळ मी इतक्या वेळा चावून थुंकली होती, ती मी शोधत होतो. इशारा नव्हता, वय विचारत नव्हते, तक्रार करायला पत्ता नव्हता. कायद्याचा हात जिथवर पोचला तिथलं दुकान बंद झालं होतं, आणि गिऱ्हाईक उठून मागच्या गल्लीत गेलं होतं. कायदा चुकीचा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. फार उशिरा आला एवढंच. तोवर माझ्यासारख्यांनी गिऱ्हाईक तयार करून ठेवलं होतं.

"दाजी, हे तर त्याहून वाईट आहे. हे बंद करा."

ते म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले, "पाव्हणं, मधी जरा माजा फॉर्म गेलता. सगळ्याच खेळाडूंचा जातो. आता परत येतोय. स्किल काय कुटं जात न्हाई."

मी निघालो तेव्हा ताई मला गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायला आली. तिला आता गेटचीच काळजी होती. सोसायटीत लोक देखभालीचे पैसे कधी कधी गेटवर ठेवून जातात, पार्सलांचे पैसे ठेवून जातात. "ही नोकरी गेली की त्यांना कोणी उभं करायचं न्हाई," ती म्हणाली. "आन् मग ते काय करत्याल याची मला भीती वाटती."

"मी काय करू सांग."

"तू त्यांना सांग की त्यांना क्रिकेट कळत न्हाई."

"मी?"

"मग कोण? मी सांगून झालं, पोरीनं सासरहून येऊन सांगितलं. त्यांना वाटतंय आमी बायका, आमाला काय समजतंय. तू माईकवर सांगितलंस ते त्यांनी धरलंय. तूच सोडव."

मला ते जमणार नाही असं वाटलं. त्या माणसाला आयुष्यात एकदाच फेटा बांधला होता. तेवढं एक काढून घ्यायचं म्हणजे काय, हे माईकवर बसलेल्या माणसाइतकं कोणाला कळणार? मी बरेच दिवस टाळलं. ताईनं परत फोन केला नाही. तिच्या न बोलण्यानंच शेवटी मी गेलो.

दुपारची वेळ होती, सोसायटीत वर्दळ नव्हती. गेटच्या केबिनमध्ये दाजी डबा खाऊन बसले होते. मला स्टूल दिलं. मी बसलो आणि आडवळणानं सुरुवात केली, पण दोन वाक्यांत अडखळलो. ते हसून म्हणाले, "आज माईक न्हाई म्हून जमंना व्हय?"

मग मी एकदम बोललो. "दाजी, त्या दिवशी तुम्ही तो कॅप्टन निवडला नव्हता. तुमचं बोट पडलं होतं. बॅटरी संपत आली होती, गेस्ट टॉवेल मागत होता. तुम्हीच मला सांगितलंत, आपण दोघं हसलो होतो."

त्यांनी रिकाम्या डब्याचं झाकण लावलं.

"मला माहीत होतं आणि तरी मी गावापुढं अभ्यास म्हणालो. प्रायोजक खूश व्हावा म्हणून म्हणालो, टाळ्या मिळाव्यात म्हणून म्हणालो. ते कौशल्य वगैरे काही नव्हतं. त्या कागदावरचा शब्द होता तो, त्यांना कोर्टात लागायचा म्हणून. तुमचा फॉर्म गेला नाही, दाजी. तो नव्हताच."

बाहेर एका गाडीनं हॉर्न दिला. ते उठले, अडसर वर केला, गाडी आत जाऊ दिली, अडसर खाली केला. परत येऊन बसले.

"सगळ्या गावाला माहीत होतं का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आपण दोघं, आणि ताई."

"सरपंचांना?"

"नाही."

"मग तुमी तरी कशाला आठवून दिलंत," ते म्हणाले. चिडून नाही. एखादी वस्तू हातातून काढून घेतल्यावर माणूस मोकळ्या हाताकडं बघतो, तसे स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "मी इसरलो होतो, पाव्हणं. खरंच इसरलो होतो."

मी माफी मागितली. ती मागणं किती सोपं होतं हे मागतानाच जाणवलं. त्यांनी 'असू द्या' अशी मान हलवली आणि म्हणाले, ड्युटीवर जास्त वेळ पाव्हणा बसलेला चालत नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ताईचा फोन आला. दाजींनी तो फोन विकून बटणाचा साधा फोन घेतला होता. फक्त आलेला उचलायचा आणि हवा तो लावायचा. सामना असला तरी कोणाच्या खोलीत बघायला जात नाहीत म्हणाली. शेजारचा टीव्ही मोठा लागला की दार लोटून घेतात. पगार आल्या दिवशी तिच्या हातात देतात. "झोपत्यात आता," ती म्हणाली. तिच्या आवाजात किती तरी दिवसांनी जीव आला होता. मी विचारलं, "माझ्याशी बोलतील का?" ती म्हणाली, "सध्या नको."

यंदा स्पर्धेला एका बिल्डरचा मंडप आहे. आयोजकांचा फोन आला होता, मी नाही म्हटलं. त्यात काही मोठेपणा नाही. माईक हातात धरला की मला काय होतं हे आता मला माहीत झालंय, म्हणून नाही म्हटलं.

महिन्यातून एखाद्या रविवारी मी ताईकडं जातो. खोली एकच आहे, उठून आत जायला दुसरी नाही. मी दारात दिसलो की दाजी 'या' म्हणतात, पायात चपला सरकवतात आणि 'जरा जाऊन येतो' म्हणून निघतात. ते कुठं जातात ते मला आधी कळलं नव्हतं. एकदा परतीच्या लोकलसाठी स्टेशनवर आलो तर फलाटाच्या टोकाच्या बाकावर ते बसलेले होते. मला बघून उठले. आता तिथूनही कुठं जावं हे त्यांना सुचेना. गाडी येईपर्यंत आम्ही दोघं फलाटाच्या दोन टोकांना उभे राहिलो, रुळांकडं बघत.

तेव्हापासून मी लोकलनं जात नाही. मोटारसायकल काढतो, गल्लीच्या तोंडाशी लावतो, आणि ताईनं दिलेला चहा गरम असतानाच पिऊन उठतो.